आदिलाबादपासून दुबई किती लांब?

आदिलाबादपासून दुबई सरळ रेषेत मोजली तर अडीच हजार किलोमीटरला थोडी कमी भरते. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावरून विमान उडालं की चार तासांच्या आसपास माणूस दुबईत उतरतो. पण त्या विमानात बसण्यासाठी आदिलाबादच्या माणसाला आधी सव्वातीनशे किलोमीटर रस्ता कापावा लागतो. मोटारीने सहा तास, बसने सात. म्हणजे अख्खा अरबी समुद्र ओलांडायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ निर्मल, आर्मूर, कामारेड्डी आणि मेडचल ओलांडण्यात जातो.

दोन दूरच्या शहरांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ आज कुणीही मोबाइलवर क्षणात काढतं. गावांची नावं टाकली की आकडा समोर येतो. हे दोन्ही आकडे खरे असतात, पण ते विमानतळापासून विमानतळापर्यंतचे. उंबरठ्यापासून विमानतळापर्यंतचा हिशेब त्यात नसतो. मोठ्या शहरातल्या माणसाला ही उणीव फारशी जाणवत नाही. पैनगंगेच्या काठावरच्या बेला, जैनथ, तामसी, भीमपूर या मंडलांतल्या मराठी घरांना मात्र ती दर प्रवासात जाणवते. म्हणून हा प्रश्न आदिलाबादेतून विचारून पाहण्यासारखा आहे. अंतर कसं मोजतात, वेळ कशाने ठरतो आणि तो नेमका कुठे वाया जातो, हे इथून जितकं स्पष्ट दिसतं तितकं मुंबईतून दिसत नाही.

सोळा तासांचा हिशेब

एक साधा प्रवास मांडून पाहू. बेल्याजवळच्या गावातला तरुण दुबईला कामाला निघाला आहे. आखाताकडची बरीच विमानं अपरात्री किंवा पहाटे सुटतात; याचं पहाटे चारचं धरू. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी हजर राहायचं, म्हणजे रात्री एकला शमशाबाद गाठायचं. वाटेत ट्रक उलटला, पाऊस आला, टायर बसला तर हाताशी वेळ हवा. त्यामुळे आदिलाबाद संध्याकाळी पाचलाच सोडावं लागतं आणि गाव दुपारी चारला. सकाळी सगळ्यांच्या समजुतीसाठी बॅग पुन्हा एकदा काट्यावर ठेवली जाते. तीस किलोची मर्यादा, त्यात शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी आणि ज्वारीचं पीठ. वर सुतळी आवळलेली आणि मार्करने ठळक अक्षरात लिहिलेलं नाव. सोबत घरातले दोघं-तिघं जातात; ते रात्रभर जागून त्याच गाडीने दुसऱ्या दिवशी परततात. त्यांच्या वेळेची नोंद कुठल्याच तिकिटावर नसते.

विमान दुबईत उतरतं तेव्हा आपल्याकडे पावणेआठ वाजलेले असतात. तिथलं घड्याळ दीड तास मागे, म्हणजे तिथे सव्वासहा. घर सोडल्यापासून जवळपास सोळा तास झाले. त्यातले हवेतले चार, उरलेले बारा जमिनीवरचे. अडीच हजार किलोमीटरच्या वाटचालीला चार तास आणि उरलेल्या साडेतीनशेला बारा, असा हा हिशेब आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून, विशेषतः निर्मलच्या पट्ट्यातून, आखातात जाणाऱ्यांची रांग कित्येक दशकांची आहे. त्या प्रत्येकाच्या वाट्याला हाच हिशेब येतो.

२००८ पर्यंत हैदराबादचं विमानतळ बेगमपेठला होतं, शहराच्या उत्तर बाजूला. आदिलाबादहून येणाऱ्याला ते आधी लागायचं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये विमानतळ शहराच्या दक्षिणेला शमशाबादला गेलं आणि उत्तरेकडच्या जिल्ह्यांना सगळं शहर ओलांडून जाणं भाग पडलं. पुढे १५८ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता पुरा झाल्यावर शहरातली कोंडी टळली. अंतर वाढलं, वेळ मात्र आटोक्यात राहिला. एका रस्त्याने एवढा फरक पडतो.

हिंगणघाटला थांबलेला माणूस

दोन गावांमधलं अंतर नेमकं किती, हे ठरवण्याचं शास्त्र हैदराबाद–नागपूर महामार्गाच्या आसपासही घडलं आहे, ही गोष्ट या भागातल्या शाळांमध्ये शिकवली गेली पाहिजे. विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ एक पायारेषा मोजायला घेतली. साडेसात मैलांच्या त्या एका रेषेला ५७ दिवस लागले. साखळीने एकच रेषा मोजायची, तीही केसाइतकी अचूक. मग तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे आणि त्रिकोणाच्या गणिताने पुढचं अंतर काढायचं. त्या त्रिकोणावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. अशी त्रिकोणांची साखळी कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत नेण्याचं काम पुढे चार दशकं चाललं. कोन मोजण्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. तो माणसांनी खांद्यावरून टेकड्यांवर चढवला.

ही साखळी ७८ अंश रेखांशाच्या आसपास वर सरकत गेली. आदिलाबादचा रेखांश साडेअठ्ठ्याहत्तर. १८२३ च्या जानेवारीत सत्तरीला टेकलेला लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाला आणि २० जानेवारीला हिंगणघाट इथे वारला. आज राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून आदिलाबादहून नागपूरला जाताना हिंगणघाट लागतं. त्याची कबर तिथेच आहे. काम पुढे त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याने हाती घेतलं. १८३० साली त्याने जो वृत्तांत छापला, त्यात १८ अंश ३ मिनिटं ते २४ अंश ७ मिनिटं या अक्षांशांमधल्या कमानीचं मोजमाप आहे. बिदरजवळच्या दामरगिद्द्यापासून मध्य भारतातल्या कल्याणपूरपर्यंतची ही कमान. आदिलाबादचा अक्षांश १९ अंश ४० मिनिटं, म्हणजे या कमानीच्या ऐन पोटातला.

या मोजमापांतून एव्हरेस्टने पृथ्वीचा आकार काढला: विषुववृत्ताशी त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर. आज उपग्रहांच्या आधारे जी त्रिज्या धरतात ती ६३,७८,१३७ मीटर. फरक ८६१ मीटरचा. बैलगाड्या, साखळ्या आणि तापाने फणफणलेली माणसं घेऊन काढलेला आकडा जवळपास दोनशे वर्षांनी एवढा जवळचा निघतो. मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येक हवाई अंतराच्या मागे हेच गणित आहे: पृथ्वीचा आकार आणि दोन जागांचे अक्षांश-रेखांश. त्रिकोण उभे करायला ज्या मजुरांनी ओझी वाहिली आणि जे तापाने वाटेत गेले, त्यांची नावं कुणी टिपून ठेवली नाहीत.

विमानचालक अंतर सागरी मैलात मोजतात, आणि त्यातही तीच पृथ्वी आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. आदिलाबाद १९ अंश ४० मिनिटांवर, नागपूरचं विमानतळ २१ अंश ५ मिनिटांवर. फरक ८५ मिनिटांचा, म्हणजे उत्तरेकडे ८५ सागरी मैल, साधारण १५७ किलोमीटर. थोडं पूर्वेकडे सरकणं धरलं की सरळ अंतर १६६ किलोमीटरच्या आसपास येतं. शाळेतल्या नकाशावरून आठवीतला मुलगा हे काढू शकतो. रस्त्याने हेच अंतर दोनशेच्या घरात जातं.

शिकागोची वाट माहूरवरून

लांबच्या अंतराची गंमत पुढे सुरू होते. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात हैदराबादपासून शिकागोपर्यंत पट्टीने रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. विमान तिकडून जात नाही. कारण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल. संत्र्याची साल सपाट करायला गेलं की ती कुठेतरी फाटते किंवा ताणली जाते. नकाशा ही ध्रुवांकडे ताणलेली साल आहे.

शाळेतला पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक हैदराबादवर धरा, दुसरं शिकागोवर आणि दोरा घट्ट ओढा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. हैदराबादहून निघालेला दोरा जेमतेम अकरा-बारा अंश पश्चिमेला कलून जवळजवळ सरळ उत्तरेला जातो. तेलंगणाची हद्द ओलांडून तो माहूरच्या आसपासच्या आभाळातून वर चढतो, मग राजस्थान-पंजाबकडून मध्य आशिया, रशिया, आर्क्टिक आणि कॅनडा करत शिकागोवर उतरतो. लांबी सुमारे १३,३०० किलोमीटर. रेणुकामातेच्या गडावर नवरात्रात आदिलाबादहून जाणाऱ्या भाविकांना कुणी सांगितलं की अमेरिकेची सगळ्यांत जवळची वाट इथून वर जाते, तर नवल वाटेल. पण दोरा खोटं बोलत नाही. १५ जानेवारी २०२१ रोजी एअर इंडियाने हैदराबाद–शिकागो अशी थेट सेवा सुरू केली, तेव्हा हे अंतर मध्ये कुठेही न थांबता कापणं शक्य झालं होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात याच कंपनीच्या वैमानिक महिलांच्या चमूने सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला उत्तर ध्रुवावरून विमान आणलं होतं. ते अंतर १४ हजार किलोमीटरच्या घरातलं.

पृथ्वीवर लांब जाण्यालाही मर्यादा आहे. फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या शेवटी मीटर ठरवला तोच ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. त्यामुळे पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर, आणि कुठलीही दोन गावं एकमेकांपासून जास्तीत जास्त २०,००० किलोमीटर लांब. आदिलाबादच्या नेमकी विरुद्ध बाजू पॅसिफिक महासागरात येते, ईस्टर बेटापासून हजार-बाराशे किलोमीटरवर. तिथे पाण्याशिवाय काही नाही. आज चालणारं सगळ्यांत लांबचं नियमित उड्डाण सिंगापूर–न्यूयॉर्क आहे, १५,३०० किलोमीटरच्या पुढचं आणि अठरा तासांहून जास्त.

दोऱ्याची वाट प्रत्येक वेळी मोकळी मिळते असं नाही. देशांची भांडणं आभाळातही चालतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना वळसे पडले. इंधन वाढलं, तास वाढले. शहरं जागची हलली नाहीत, पण एकमेकांपासून लांब गेली. ज्यांच्या घरात आजारपण होतं किंवा लग्न होतं, त्यांना ते दोन-तीन तास फार मोठे वाटले.

वारा आणि चढ-उतार

अंतर कळलं की वेळ कळला असं होत नाही. मोठं जेट विमान उंचावर ताशी साडेआठशे ते नऊशे किलोमीटर वेगाने जातं. मिनिटाला चौदा किलोमीटर. आदिलाबाद ते किनवट हे सरळ पस्तीस किलोमीटरचं अंतर ते अडीच मिनिटांत पार करतं. पण हा वेग वरचा. धावपट्टीकडे सरकणं, रांगेत थांबणं, वर चढणं, खाली उतरणं या सगळ्याला जवळचं उड्डाण असो की लांबचं, वेळ जवळपास सारखाच लागतो. म्हणून हैदराबाद–नागपूर हे जेमतेम ४३० किलोमीटरचं हवाई अंतर वरच्या वेगाने अर्ध्या तासाचं असलं, तरी वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास लिहिलेलं असतं. अंतर जितकं कमी तितका विमानाचा फायदा कमी. अंतर वाढत गेलं की तो वाढतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात उत्तर भारतावरून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला ते ढकलतात, पश्चिमेला जाणाऱ्याला अडवतात. दुबईहून परतीचा प्रवास जाण्यापेक्षा कमी वेळाचा असतो तो यामुळे. पृथ्वी खालून फिरते म्हणून फरक पडतो, असं बरेच जण समजतात, तसं नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं.

नागपूरची मध्यरात्र

विमानाचा वेळ लोकांच्या कामी कसा लावायचा, याचा एक उत्तम धडा आदिलाबादच्या शेजारीच घडला. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर विमानं निघत आणि मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरात परतत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी मद्रासच्या टपालकचेरीत. साधी डकोटा विमानं, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासचा वेग. तरीही चार कोपऱ्यांतला देश एका रात्रीत जोडला जाई. नागपूर मध्यावर होतं एवढ्याच एका गोष्टीचा तो उपयोग होता.

नकाशावर मद्रास आणि नागपूर जोडणारी रेघ ओढली तर ती जवळजवळ आसिफाबादवरून जाते. त्या वेळी आसिफाबाद आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. आदिलाबाद हा प्रदेश तेव्हापासून आजवर आभाळातला रहदारीचा रस्ता राहिला आहे. हैदराबाद–दिल्ली रेघ किनवटवरून जाते, मुंबई–भुवनेश्वर रेघ तर थेट आदिलाबाद शहरावरून. रात्री अंगणात खाट टाकून पडलेल्या माणसाला त्या विमानांचे दिवे सरकताना दिसतात. विमानं इथून भरपूर जातात. थांबत एकही नाही.

ओसाड धावपट्टी

आदिलाबादला धावपट्टीची जागा नाही असंही नाही. निजामाच्या काळापासूनचं विमानतळाचं मैदान शहराला लागूनच आहे, साडेतीनशे एकरांहून मोठं, हवाई दलाच्या ताब्यातलं. त्याचा उपयोग नागरी वाहतुकीसाठी व्हावा ही मागणी किती निवडणुकांत ऐकली, ते इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. २०२५ च्या एप्रिलमध्ये हवाई दलाने नागरी वापराला संमती दिली आणि पुढे आणखी जमिनीचा विषय आला. हैदराबादच्या विमानतळाशी झालेल्या करारात दीडशे किलोमीटरच्या आत दुसरं नागरी विमानतळ नको अशी अट होती. वारंगळजवळच्या मामनूरला ती आडवी आली. आदिलाबाद शमशाबादपासून सरळ रेषेत २६९ किलोमीटरवर आहे. त्याला ही अडचण कधीच नव्हती.

विमानतळ झालं तर काय होईल, हे आधीच्या हिशेबात घालून पाहू. सत्तर आसनी एटीआर विमानाला दीड किलोमीटरच्या आसपास धावपट्टी पुरते. शमशाबादपर्यंतचं उड्डाण सगळं धरून तासाभराचं. त्याआधी तास-दीड तास हजर राहायचं. म्हणजे सहा-सात तासांच्या जागी अडीच तास. ज्याला फक्त हैदराबाद शहरात काम आहे त्याची बचत यातून बेताचीच, कारण शमशाबादहून पुन्हा शहरात यावं लागतं. पण ज्याला तिथूनच दुसरं विमान पकडायचं आहे, त्याचे चार तास, सोबत येणाऱ्यांचे दोन दिवस आणि रात्रीच्या महामार्गाची धास्ती वाचते.

हे सगळं वेळापत्रक नीट असेल तर. नांदेडचा अनुभव समोर आहे. आदिलाबादपासून सरळ रेषेत सगळ्यांत जवळचं प्रवासी विमानतळ नांदेडचंच, १३८ किलोमीटरवर. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेची पहिली उड्डाणं सुरू झाली, त्यात सिमला–दिल्ली आणि कडप्पा–हैदराबाद यांच्याबरोबर नांदेड–हैदराबाद होतं. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा घातलेल्या जागा होत्या. लोक बसले, विमानं भरली; पुढे सेवा थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. आज विमान आहे आणि उद्या नाही, अशा सेवेवर कुणी मुलाच्या नोकरीचं तिकीट काढत नाही. अर्धवट सेवा असली की माणूस पुन्हा बसचाच रस्ता धरतो. आदिलाबादला फीत कापण्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी उडणाऱ्या एका विमानाची गरज जास्त आहे, आणि ते विमान शमशाबादच्या रात्रीच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांशी जुळेल अशा वेळेला हवं.

रेल्वे आधी महाराष्ट्रात जाते

आभाळाबद्दल एवढं बोलल्यावर जमिनीकडे पाहिलंच पाहिजे, कारण बहुतेक माणसं विमानात बसणारच नाहीत. आदिलाबादहून हैदराबादला रेल्वेने जायचं तर गाडी आधी महाराष्ट्रात शिरते. किनवट, हिमायतनगर, भोकर, मुदखेड करत ती धर्माबादहून पुन्हा तेलंगणात येते, बासर-निजामाबाद गाठते आणि मग सिकंदराबाद. रस्त्याने तीनशे असलेलं अंतर रुळांवर चारशेच्या पुढे जातं. निर्मलला तर रेल्वे नाहीच. आदिलाबाद–निर्मल–आर्मूर असा सरळ मार्ग व्हावा ही मागणी फार जुनी आहे. तो झाला तर विमानात कधीही न बसणाऱ्या माणसाचेही तास वाचतील.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट, राजुरा हे भाग आदिलाबादपासून निघून मुंबई राज्यात गेले आणि पैनगंगेकाठची कित्येक मराठी गावं इकडे राहिली. दोन्हीकडे सोयरिकी, एकच कापूस, एकच बाजार. पण वाहतुकीच्या योजना हैदराबादेत वेगळ्या आणि मुंबईत वेगळ्या आखल्या गेल्या. हद्दीवरच्या जिल्ह्याला दोन्ही राजधान्या लांब पडतात. मुंबई इथून सरळ रेषेत सहाशे किलोमीटरही नाही. नंदीग्राम एक्स्प्रेसने संध्याकाळी मुंबईत बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आदिलाबादला उतरतो. आजारी माणसाला नागपूर किंवा सेवाग्रामला न्यायचं असेल, तेव्हा प्रवासाचे तास जिवावर बेततात. गावातल्या दवाखान्याने पुढे न्या म्हटल्यावर घरच्यांच्या डोक्यात किलोमीटर नसतात. किती वाजता पोचू, एवढाच प्रश्न असतो.

नागपूरच्या झिरो माइलच्या दगडावर हैदराबादचं अंतर ३१८ मैल कोरलेलं आहे, सुमारे ५१२ किलोमीटर. आजच्या महामार्गाने ते पाचशेच्या आसपास भरतं. शंभर वर्षांत रस्ता जवळपास तेवढाच राहिला. बदलला तो वेळ. बैलगाडी दिवसाला पंधरा-वीस मैल जाई, तेव्हा हा प्रवास तीन आठवड्यांचा होता. चौपदरी रस्त्यावर तो आठ-नऊ तासांवर आला. निर्मलजवळचा महबूब घाट, सोनजवळचा गोदावरीचा पूल, पैनगंगेवरचा पूल, अशा एकेका कामाने काही तास गळून पडले. अंतर कमी करता येत नाही, वेळ येतो. आणि तो कमी करणं हे सरकारचं काम आहे.

पायी चालण्याची वाट

इथे एक प्रवास असा आहे, की ज्याचा वेळ कुणालाच कमी करायचा नाही. पुष्य महिन्यातल्या अमावस्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. त्याआधी मेसराम कुळातले गोंड लोक गोदावरीचं पाणी आणायला हस्तलमडुगूपर्यंत पायी जातात, अनवाणी, गावोगाव मुक्काम करत, आणि त्या पाण्याने नागोबाची पूजा होते. गाडीने काही तासांचं काम ते दिवसचे दिवस चालून करतात. वाटेतल्या प्रत्येक गावाशी नातं नवं होतं, तरुण पोरांना थोरांकडून कुळाच्या कथा कळतात. जत्रेला महाराष्ट्रातूनही लोक येतात.

ही वाट पाहिली की वेगाबद्दलचा विचार जागेवर येतो. मेसराम मंडळी हळू चालतात, कारण त्यांना तसं चालायचं असतं. बेल्याच्या पोराला दुपारी चारला घर सोडावं लागतं ते त्याला दुसरा पर्याय नाही म्हणून. आपला वेळ कुठे घालवायचा हे ज्याचं त्याला ठरवता आलं, तर सोळा तासांच्या प्रवासाबद्दलही तक्रार नसते. आदिलाबादची तक्रार हा पर्याय न मिळण्याची आहे.

काय मोजायचं

म्हणून विमानतळाच्या आणि रेल्वेच्या योजना मांडताना एक आकडा सगळ्यांत वर लिहावा: गावातल्या घरापासून मुक्कामापर्यंत लागणारे एकूण तास. बेल्यापासून दुबई सोळा तास आहे. ती दहावर आणता येईल का? तामसीहून हैदराबादच्या रुग्णालयापर्यंत आज किती तास, आणि पाच वर्षांनी किती? उटनूरच्या आश्रमशाळेतल्या मुलीला हैदराबादला परीक्षेला जायचं असेल, तर आदल्या रात्री निघावं लागतं की सकाळी? या तीन प्रश्नांची उत्तरं दरवर्षी जाहीर झाली, तर कुठला प्रकल्प खरा आणि कुठला फलकापुरता, हे कुणालाही कळेल.

धावपट्टी हवीच. पण तिच्याबरोबर आर्मूरचा रेल्वेमार्ग हवा, बेला आणि तामसीहून विमानाच्या वेळेला जोडलेली बस हवी आणि बारमाही चालणारं वेळापत्रक हवं. हवाई अंतर मोजण्याचा पाया लॅम्बटन आणि एव्हरेस्टने जवळपास दोनशे वर्षांपूर्वी घातला; त्यात आता वाद उरलेला नाही. शमशाबादच्या फाटकापासून पुढचं जग वेगवान झालं आहे, त्यातही शंका नाही. राहिली आहेत ती फाटकाच्या अलीकडची सव्वातीनशे किलोमीटर. ती लहान करणं आपल्या हातात आहे, आणि आदिलाबादच्या माणसाने मत मागायला आलेल्या प्रत्येकाकडे तेवढ्याच गोष्टीचा हिशेब तासांत मागावा.